घोड्याची गोम

अनमोड घाट चढून गेलात की जोयडा तालुका लागतो. थोडे पुढे रामनगर. सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली बरीच माणसे इथे येऊन वसली, त्यांत माझी एक मावसबहीण. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. बंगळूरला अशा मुलांना घोड्यावर बसवून उपचार करतात असे तिच्या कानावर आले, आणि तिने मला फोन केला. "दादा, तू जुन्या पुस्तकांतले सांगत असतोस ना? मग सांग, आमच्या पोराला बसवायचा तो घोडा कसा हवा?"

माझ्या डोळ्यांपुढे आपली शिगम्यातली घोडेमोडणी आली. डिचोली-सत्तरीकडे कमरेला लाकडी तोंडाचा घोडा बांधून आणि हातात तलवार घेऊन नाचतात, ती. गोमंतकीयांच्या मनातला घोडा हा असा लढाईचाच. आजारी मुलाचा घोडा आपल्या पाहण्यात कुठे?

आणि तरी घोड्यांचा एवढा मोठा बाजार आपल्याच दारात भरत होता. दख्खनची हवा जातिवंत घोड्यांच्या पैदाशीला फारशी मानवत नसे, म्हणून अरबस्तान आणि होर्मुझहून गलबतांतून घोडे यायचे. भटकळचे व्यापारी बहामनींना घोडे विकतात या रागाने 1479 मध्ये विजयनगरच्या आज्ञेने त्यांची कत्तल झाली आणि वाचलेले गोव्यात आले. 1510 मध्ये अल्बुकर्कने गोवे घेतले ते घेताना या व्यापारावरही त्याचा डोळा होता. 1547 च्या तहात तर पोर्तुगीजांनी विजयनगरला कबूल केले, की गोव्यात उतरलेले घोडे तुम्हालाच, विजापूरला नाहीत. गोव्यातून देशावर चढणाऱ्या जुन्या वाटांपैकी तिनईघाट आणि दिगीघाट या आजच्या जोयडा तालुक्यातल्या. 1888 मध्ये मुरगाव-कॅसलरॉक रेल्वे सुरू झाली आणि घाटवाटांचे दिवस सरले.

या घोड्यांचे मोल कसे ठरे? फेर्नांव नुनीश हा पोर्तुगीज घोडेव्यापारी विजयनगरात राहून गेला. त्याने लिहून ठेवले आहे, की सळुव नरसिंह राजा हजार परदांवांना तीन या भावाने घोडे घेई, जिवंत असोत वा मेलेले. समुद्रात मेलेल्या घोड्याचे नुसते शेपूट आणून दाखवले तरी पूर्ण पैसे मिळत. व्यापाऱ्याने पुन्हा घोडे आणावेत म्हणून हा उदारपणा. पण शेपटाला मोल देणाऱ्या या बाजारात घोड्याच्या स्वभावाला काय भाव असणार!

आपल्याकडे परीक्षा नव्हती असे नाही. भोवरे पाहत, देवमण शोधत, पंचकल्याणी घोड्याला मान देत. अंगावरच्या केसांची रेघ म्हणजे गोम. ती वाईट जागी असली की घोडा नाकारत. आजही आपण "खरी गोम इथे आहे" म्हणतो. तरी ही सारी परीक्षा वरच्या अंगाची.

आतल्या अंगाचे मला कौटिल्याकडे सापडले. अर्थशास्त्रातल्या अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात तो घोड्यांचे तीन स्वभाव सांगतो: तीक्ष्ण, भद्र आणि मंद. कोणता घोडा युद्धाला घ्यायचा आणि कोणता नुसत्या स्वारीला, हे स्वभाव पाहून ठरवावे असे त्याचे म्हणणे. मी बहिणीला फोन लावला आणि म्हटले, आपल्याला भद्र घोडा हवा.

"म्हणजे मंदच ना? हळू चालणारा?"

नव्हे, आणि इथेच लोक चुकतात. घोडा चालू लागला की त्याच्या पाठीबरोबर स्वाराचे कंबरेचे हाड पुढे-मागे, खाली-वर आणि बाजूला हलते. हे हलणे माणसाच्या चालण्यासारखेच असते. जे मूल चालत नाही, त्याच्या अंगाला चालण्याची लय अशी कळते. पाय ओढत चालणाऱ्या सुस्त घोड्याकडून ती मिळायची नाही. पावले एकसारखी हवीत आणि चाल मोकळी हवी. शिवाय घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. पाठीवरचे मूल अचानक किंचाळले, त्याने आयाळ ओढली, चाकाची खुर्ची जवळ आली, दोन्ही बाजूंनी माणसे चालू लागली, तरी त्याने दचकून उडी घेता कामा नये. म्हणून कोवळे शिंगरू चालत नाही. जाणता घोडा लागतो. तोही फार उंच नको, कारण बाजूच्या माणसाचा हात मुलाच्या कंबरेपर्यंत पोचला पाहिजे.

जगाचे लक्ष या उपचाराकडे वळले ते 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये. डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांचे पाय पोलिओने गुडघ्याखाली लुळे पडले होते. घोड्यावर चढता-उतरताना त्यांना आधार लागे. त्यांनी ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून ड्रेसाजमध्ये रौप्यपदक मिळवले. पुढे युरोप-अमेरिकेत उपचाराची केंद्रे निघाली आणि आपल्याकडेही थोडी आली.

मराठ्यांच्या भीमथडी तट्टांची मला या निमित्ताने आठवण झाली. भीमा-नीरेच्या खोऱ्यातला हा ठेंगणा, काटक घोडा. अरबी घोड्याचा दिमाख त्याला नाही, पण थोड्या चाऱ्यावर डोंगर चढणारा. कर्नालच्या राष्ट्रीय पशू संस्थेने आता त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. त्यातले किती भद्र निघतील हे कुणीतरी नीट पाहायला हवे. निदान उंचीला तरी ते सोयीचे आहेत.

गेल्या दिवाळीनंतर बहीण मुलाला घेऊन बंगळूरला गेली. तिकडून फोन आला तेव्हा आधी मुलगाच बोलला. मग ती म्हणाली, "दादा, घोडी तांबडी आहे, बुटकी. हा वरून ओरडला तर तिने नुसता कान हलवला बघ. पण कपाळावर दोन भोवरे आहेत रे, आबा असते तर गोठ्यातही घेतली नसती."