चार, आठ, बारा, सोळा

दोषांची प्रतवारी लावणे साहित्यशास्त्राला नवे नाही. शृंगारात वर्ज्य ठरणारे श्रुतिकटुत्व रौद्रात खपते, म्हणून असे दोष अनित्य होत, असा विचार आनंदवर्धनाने नवव्या शतकात मांडला. संगणकाच्या इतिहासातील अशाच एका प्रतवारीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

आयबीएमने 1964 साली सिस्टिम/360 ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या ओएस/360 प्रणालीत काम टप्प्याटप्प्याने, माणसाच्या गैरहजेरीत पार पडे. कंपायलर, म्हणजे आज्ञावली यंत्रभाषेत उतरवणारा अनुवादक, आपला अभिप्राय दोन रूपांत देई : माणसासाठी छापील संदेश आणि पुढील टप्प्यासाठी एक आकडा. पीएल/वन भाषेच्या कंपायलरमध्ये निव्वळ माहितीला 0, इशाऱ्याला 4, चुकीला 8, गंभीर चुकीला 12 आणि काम थांबवणाऱ्या दोषाला 16. संदेश कितीही असोत, आकडा सर्वांत गंभीर दोषाचा.

चारचीच पट का? त्या यंत्रात उडी घेण्याची आज्ञा चार बाइटांची असे. आलेला आकडा पत्त्यात मिळवला, की उड्यांच्या तक्त्यातील नेमकी ओळ सापडे. तेव्हा 8 म्हणजे 4 च्या दुप्पट वाईट, असा अर्थ येथे नाही.

खरी मेख पुढेच आहे. कंपायलर प्रत लावी. पुढील टप्पा गाळायचा की नाही, हे काम सोपवणाऱ्याने लिहिलेली अट ठरवी. अट लिहिलीच नसेल, तर 12 येऊनही पुढचा टप्पा सुरू होई. रूढ अट इशारे चालवून घेणारी. आता पीएल/वनमध्ये नाव लिहिताना एक अक्षर चुकले, तर कंपायलर त्याला नवे नाव समजे आणि आद्याक्षरावरून त्याचा प्रकार ठरवी. ही त्याच्या लेखी चूक नव्हे. उत्तर चुकीचे येई, आकडा निर्दोष राही.

पुढे युनिक्सने ही उतरंड मोडून 0 म्हणजे यश आणि शून्येतर म्हणजे अपयश, एवढाच भेद रूढ केला. जीसीसी या कंपायलरमध्ये इशाऱ्यांनी आकडा बदलत नाही. इशाऱ्यालाही चूक माना, असे त्याला निराळे सांगावे लागते.

आनंदवर्धनाच्या विचारात दोषाचा निर्णय रसाच्या संदर्भात होतो, आणि तो संदर्भ जाणणारा सहृदय समोर असतो. येथे संदर्भ आधीच एका अटीत गोठवलेला असतो, आणि छापील इशारा वाचायला कोणी असेलच असे नाही.