चांद-ताऱ्याचे चिन्ह कधी काळे, कधी रंगीत का दिसते?

ईदच्या शुभेच्छा असोत की नमाजच्या वेळांचा तक्ता, आपण त्यावर हौसेने चांद-तारा टाकतो. पण तोच मजकूर एका मोबाइलवर साध्या काळ्या चिन्हासह दिसतो, तर दुसऱ्यावर चिन्ह जांभळ्या चौकटीत येतं. असं का होतं, ते समजून घेऊ.

प्रत्येक अक्षराला क्रमांक

मोबाइल किंवा संगणक अक्षर ओळखतो ते क्रमांकाने. मराठीतला 'क' असो, उर्दूतला 'अलिफ' असो की एखादे चिन्ह, 'युनिकोड' या जागतिक मानकात प्रत्येकाचा क्रमांक ठरलेला आहे. चांद-ताऱ्याचा क्रमांक २६२ए. हे चिन्ह १९९३ च्या १.१ आवृत्तीतही होते. युनिकोडमध्ये तेव्हा इमोजी नव्हतेच. त्यामुळे त्याचे मूळ रूप अक्षरासारखे, म्हणजे मजकुराच्याच रंगाचे आहे. इमोजीचे रूप त्याला नंतर मिळाले.

न दिसणारी खूण

दोन्हींपैकी कोणते रूप दाखवायचे, हे सांगायला चिन्हाच्या लगेच पुढे एक अदृश्य खूण जोडतात. एफई०एफ ही खूण असेल तर रंगीत इमोजी आणि एफई०ई असेल तर साधे चिन्ह. खूणच नसेल, किंवा कॉपी-पेस्ट करताना गळून गेली, तर निर्णय त्या ॲपवर आणि फॉन्टवर जातो. फरक पडतो तो इथेच.

काबा, मशीद आणि तस्बीह हे इमोजी २०१५ मध्ये ८.० आवृत्तीत आले. रमजानच्या मेसेजमध्ये आपण टाकतो ती पिवळी चंद्रकोरही वेगळी आहे. या सगळ्यांचे मूळ रूपच रंगीत असल्याने त्यांना वेगळ्या खुणेची गरज पडत नाही.

दरूदचे चिन्ह इमोजी नाही

नबींच्या नावापुढे आपण जे दरूदचे चिन्ह लिहितो, त्याचा क्रमांक एफडीएफए. ते अरबी लिपीतले जोडचिन्ह आहे. उलगडले तर मोकळ्या जागा धरून त्यात १८ अक्षरे भरतात. त्याला इमोजीचे रूप नाही, त्यामुळे एफई०एफ जोडून काही उपयोग होत नाही. फॉन्टमध्ये ते चिन्ह नसेल तर त्या जागी रिकामी चौकट दिसू शकते. मेसेजमध्ये हे चालून जाईल, पण छापील पुस्तिकेत नबींच्या नावापुढे चौकट आलेली कुणालाच आवडणार नाही.

हे लक्षात ठेवा

• शुभेच्छांमध्ये रंगीत चांद-तारा हवा असेल तर तो इमोजी कीबोर्डवरूनच निवडा.
• निकाहची पत्रिका किंवा पुस्तिका छापायला देताना पीडीएफ करा आणि छपाईआधी प्रूफमध्ये प्रत्येक चिन्ह तपासा.
• दरूदच्या चिन्हाबद्दल शंका असेल तर 'सल्लल्लाहु अलैहि वसल्लम' असे पूर्ण लिहा. देवनागरी वाचता येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता येईल.