नात्याचा पुरावा

परवा ओळखीतले एक निवृत्त गुरुजी घरी आले. चहा झाला तरी बोलेनात. मग हळूच म्हणाले, "पत्रकार, एक पत्र लिहून द्याल का?" त्यांची मुलगी कॅनडात आहे. गेली दोन वर्षं एका मुलासोबत राहते, लग्न केलेलं नाही. आता त्या मुलाला तिथे कायम राहता यावं म्हणून जोडीदाराचा अर्ज करायचाय. नातं खरं आहे, हे आईवडिलांनी लिहून दिलं तर बरं, असं वकिलाने सांगितलंय. आणि गुरुजींनी दोन वर्षं गावात सांगितलेलं, पोरगी हॉस्टेलवर आहे!

ही नात्याच्या पुराव्याची भानगड आजची नाही, मंडळी.

14 मार्च 1913. दक्षिण आफ्रिकेत केप सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम नावाच्या बाईला नवऱ्याकडे येण्याची परवानगी नाकारली. कारण, ज्या धर्मात एकापेक्षा जास्त बायका चालतात त्या पद्धतीने लागलेलं लग्न तिथल्या कायद्याला मान्य नाही. एका निकालाने हजारो हिंदू, मुसलमान बायका कागदावर बायका उरल्या नाहीत. कस्तुरबा चिडल्या, सत्याग्रहात उतरल्या आणि सप्टेंबरमध्ये तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा भोगायला तुरुंगात गेल्या. 1914 च्या कायद्याने ती लग्नं मान्य झाली, तीही एकच बायको या अटीवर.

कॅनडाही काही साधा नव्हता. 1908 च्या नियमाने मायदेशातून थेट, न थांबता आलेल्यांनाच प्रवेश होता, आणि भारतातून तसा प्रवास जवळजवळ अशक्यच. तिथे आधी गेलेल्या शीख कामगारांना बायकापोरं आणायची मुभा मिळाली 1919 मध्ये.

इंग्लंडने तर कहर केला. 1979 साली लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी झाली. बातमी फुटली, बोभाटा झाला, तेव्हा कुठे तो प्रकार बंद पडला.

त्याच कॅनडात जून 2002 पासून नवा कायदा आहे. लग्न नको, सलग बारा महिने नवराबायकोसारखं एकत्र राहिल्याचं दाखवा. दोघांच्या नावचा भाडेकरार, जॉइंट खातं, एकाच पत्त्यावरची बिलं, फोटो, आणि जवळच्या माणसांची पत्रं. आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये लग्नासारख्या नात्याच्या अटी सांगितल्या. पहिलीच अट, दोघांनी समाजापुढे जोडपं म्हणून वावरलेलं असावं.

इथेच तर गाडी अडते. आपल्या घरांत असं नातं लपवायचंच असतं. फोटोत दोघं शेजारी उभे राहत नाहीत, पत्रिकेत नाव नाही, नातेवाइकांना थाप. मग साहेब विचारतो, खरं असेल तर घरच्यांना कसं माहीत नाही? तेव्हा बाई मरियमच्या वाटेत कोर्ट होतं. आज कित्येक पोरींच्या वाटेत आपणच आहोत.

मी गुरुजींना म्हटलं, "मी लिहून देतो, पण मजकूर तुम्ही सांगा. खोटं एक अक्षर नको." बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लिहा. माझी मुलगी आणि माझे जावई..." आणि थांबले. चष्मा पुसला.

'जावई' खोडू का, असं मी विचारलं. नको म्हणाले.