तप्त सळईपासून विद्युत्‌शलाकेपर्यंत : सांध्यावरील उपचारात उष्णतेच्या मापाचा इतिहास

शस्त्रक्रियेच्या इतिहासात उष्णतेइतके जुने आणि तितकेच दुधारी साधन क्वचितच आढळते. मराठीतील ‘डागणे’, उर्दूतील ‘दाग़ना’ आणि अरबीतील ‘कय्य’ ही एकाच क्रियेची नावे होत. सर्व उपाय थकले की शेवटी डागणे, अशा अर्थाची म्हण अरबीत आजही रूढ आहे. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या सांध्याच्या शस्त्रक्रियेत वापरली जाणारी रेडिओफ्रिक्वेन्सी शलाका ही याच परंपरेची आधुनिक वारसदार आहे. साधन बदलले, तरी उष्णता किती, कोठे आणि किती वेळ द्यावी, हा प्रश्न बदललेला नाही. वारंवार निखळणाऱ्या खांद्यावरील उपचारांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन ग्रंथांतील विवेक

हिपोक्रेटीसच्या परंपरेतील सांध्यांविषयीच्या ग्रंथात (इ. स. पू. सुमारे ४००) वारंवार निखळणाऱ्या खांद्यासाठी काखेत डागण्याचा उपाय सांगितला आहे. जखम भरताना तेथील ऊती आकसतात आणि हाडाचे डोके ज्या बाजूला घसरते ती जागा अरुंद होते, हे त्यामागील तत्त्व. चुकीच्या बाजूला डाग देणाऱ्या वैद्यांवर या ग्रंथात टीका आहे. सळई जाड नसावी आणि लालबुंद तापलेली असावी, म्हणजे ती चटकन पार होईल. जाड सळई सावकाश जाते आणि हवी त्यापेक्षा मोठी जखम करते, असे त्याचे म्हणणे आहे. काखेतील नसा व ग्रंथी यांना धक्का लागू नये, असा इशाराही त्यात आहे. उपचारानंतर हात बराच काळ शरीराशी बांधून ठेवावा, असेही सांगितले आहे.

भारतात सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अग्निकर्मा’वर स्वतंत्र अध्याय आहे. त्वचेसाठी एक साधन, मांसासाठी दुसरे, तर शिरा, स्नायू, सांधे व हाडे यांसाठी तापविलेला मध, गूळ किंवा स्नेह, अशी ऊतींनुसार विभागणी त्यात केली आहे. दाहाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले असून, सांधे आणि हाडे यांची हानी अतिदग्धाच्या लक्षणांत गणली आहे. उष्णता कमी पडणे हा जसा दोष, तसाच ती जास्त होणे हाही दोष आहे, हा विचार येथे स्पष्टपणे मांडलेला दिसतो.

अबुल क़ासिम अल्‌-ज़हरावी

या विषयाला शिस्तबद्ध रूप देणाऱ्यांत कुर्तुबाजवळच्या मदीनतुज़्ज़हरा येथील अबुल क़ासिम अल्‌-ज़हरावी (सुमारे ९३६ ते १०१३) यांचे स्थान अग्रगण्य आहे. ‘किताबुत्‌-तसरीफ़’ या त्यांच्या ग्रंथाचे तीस खंड असून तिसावा खंड शस्त्रक्रियेचा आहे. त्याचे तीन भाग आहेत : पहिला डागण्याविषयी, दुसरा छेदनाविषयी आणि तिसरा हाडे व सांध्यांविषयी. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने तोलेदो येथे त्याचा लॅटिन अनुवाद केला आणि पुढे काही शतके युरोपातील शल्यचिकित्सक त्याचा आधार घेत राहिले. १४६५ मध्ये अमासियाच्या शरफ़ुद्दीन साबुनजूओग्लू यांनी तुर्की भाषेत लिहिलेला सचित्र शल्यग्रंथही याच परंपरेतील आहे.

निखळणाऱ्या खांद्यासाठी काखेतील त्वचा वर उचलून दोन टोकांच्या सळईने डागण्याची कृती अल्‌-ज़हरावी यांनी वर्णिली आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे ती त्यांनी केलेली धातूची चर्चा. डागण्यासाठी सोने उत्तम, असे अनेक जुन्या वैद्यांचे मत होते. अल्‌-ज़हरावी यांनी लोखंडाला पसंती दिली. सोने पुरेसे तापले की नाही हे त्याच्या रंगावरून कळत नाही, ते लवकर थंड होते आणि अधिक तापविल्यास वितळते, हे त्यांचे कारण. लोखंडाची लाली मात्र डोळ्यांना दिसते. धातूच्या प्रतिष्ठेपेक्षा उष्णतेचा अंदाज येणे अधिक महत्त्वाचे, हा त्यामागील विचार आहे. तापमापक नसलेल्या काळात रंग हेच माप होते.

दुर्बीण आणि विद्युत्‌प्रवाह

१९१८ मध्ये टोकियो येथे केंजी ताकागी यांनी मूत्राशयाच्या दुर्बिणीतून शवाच्या गुडघ्याच्या आत पाहिले. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी पुढे व्यवहारोपयोगी दुर्बीण तयार केली आणि १९६२ मध्ये तिच्या साहाय्याने गुडघ्यातील फाटलेल्या गादीचा काही भाग काढला. सुरुवातीच्या दुर्बिणींच्या टोकाला तापणारा छोटा दिवा असे आणि तो सांध्यातच फुटण्याची भीती असे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस काचतंतूंमधून येणारा ‘शीत प्रकाश’ वापरात येऊ लागला. हे नावही फसवेच आहे. दुर्बिणीपासून सोडवलेल्या प्रकाशवाहिनीचे टोक कापडावर पडले तर ते जाळू शकते.

दुसरीकडे, १९२६ मध्ये बॉस्टन येथे मेंदूचे शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांच्या विद्युत्‌यंत्राने शस्त्रक्रिया केली आणि विजेने कापणे व रक्त थांबविणे रुग्णालयांत रुजले. या यंत्रात उच्च वारंवारतेचा प्रवाह ऊतीतून जातो, ऊतीतील आयन वेगाने हेलकावतात आणि उष्णता ऊतीतच निर्माण होते. लालबुंद सळईचा धोका दिसत असे. येथे ऊतीचे खरे तापमान डोळ्यांना दिसत नाही. अल्‌-ज़हरावी यांनी सोन्यावर घेतलेला आक्षेप निराळ्या रूपात पुन्हा समोर उभा राहिला.

१९९० च्या दशकातील धडा

सुमारे ६५ अंश सेल्सिअसला कोलॅजेनचे तंतू आकसतात. या गुणाचा उपयोग करून सैल खांद्याचे वेष्टन आतूनच आवळावे, ही कल्पना १९९० च्या दशकात पुढे आली. आधी लेसर आणि नंतर रेडिओफ्रिक्वेन्सी शलाका वापरली गेली. छेद लहान, टाके जवळपास नाहीत, वेळ कमी. त्यामुळे ही पद्धत झपाट्याने पसरली. दीर्घकालीन निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच ती अनेक रुग्णांवर वापरली गेली.

त्यानंतर दोष उघड होऊ लागले. तापविलेले वेष्टन पहिले काही आठवडे दुबळे असते आणि ताण पडल्यास पुन्हा सैल होते. हात बांधून ठेवण्याच्या जुन्या सूचनेमागील अनुभव येथे नव्याने पटला. काही रुग्णांचे खांदे पुन्हा निखळू लागले, काहींचे वेष्टन करपून विरळ झाले. वेष्टनाच्या खालच्या भागाजवळून जाणाऱ्या काखेतील नसेलाही इजा झाल्याची नोंद झाली. सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे सांध्यावरील कूर्चा झपाट्याने नष्ट होणे. तरुण वयातच खांदा म्हातारा झाल्यासारखी अवस्था काहींच्या वाट्याला आली. कूर्चा नष्ट होण्याच्या काही घटनांत सांध्यात सतत सोडल्या जाणाऱ्या भूल देणाऱ्या औषधाचाही वाटा होता, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. या शतकाच्या पहिल्या दशकातच ही पद्धत बहुतांशी मागे पडली.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्क मार्केल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून कूर्चेविषयी एक बाब पुढे आली. शलाकेने गुळगुळीत केलेला पृष्ठभाग दिसायला सुबक असे, पण जिवंत व मृत पेशी वेगळ्या दाखविणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली खोलवर पेशी मेलेल्या आढळत. कूर्चेच्या पेशी सुमारे ५० अंशांच्या आसपास मरू लागतात. म्हणजे वेष्टन आवळण्यासाठी लागणारी उष्णता शेजारच्या कूर्चेला घातक ठरते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने मेलेला भाग भरून येणे जवळपास अशक्य असते.

माप हीच सुरक्षा

यातून आजची सावधगिरी आकाराला आली. शस्त्रक्रियेच्या वेळी सांध्यातून सलाइन वाहते आणि तेच उष्णता बाहेर नेते. प्रवाह मंद झाला किंवा शलाका सलग चालू राहिली, तर सांध्यातील द्रव तापतो आणि बाहेर पडणाऱ्या गरम द्रवाने त्वचाही भाजू शकते. मनगट किंवा घोटा यांसारख्या लहान सांध्यांत द्रव कमी मावतो, म्हणून तेथे धोका अधिक. त्यामुळे शलाका थोडा वेळच चालवावी, कूर्चेपासून दूर ठेवावी आणि द्रव वाहता ठेवावा, हे नियम झाले. काही शलाकांत तापमापकही बसविलेला असतो. मात्र तो द्रवाचे तापमान सांगतो, शलाकेच्या टोकाखालील ऊतीचे नव्हे. प्रवाह परत नेण्यासाठी रुग्णाच्या त्वचेवर लावल्या जाणाऱ्या पट्टीसाठीही आंतरराष्ट्रीय मानक आहे. ठरावीक चाचणीत तिच्याखालील तापमान ६ अंशांपेक्षा अधिक वाढता कामा नये.

समारोप

उष्णता हे औषध आहे आणि इजाही, हे हिपोक्रेटीसच्या परंपरेने, सुश्रुताने आणि अल्‌-ज़हरावी यांनी आपापल्या भाषेत सांगितले होते. त्यांच्या साधनांचे अनुकरण आज कोणी करणार नाही आणि करूही नये. परंतु आपण देत असलेली उष्णता आपल्याला कळली पाहिजे, ही त्यांची अट कालबाह्य झालेली नाही. १९९० च्या दशकात नवे साधन हाती आले, पण ही अट काही काळ दृष्टीआड झाली आणि तिची किंमत रुग्णांच्या खांद्यांना मोजावी लागली. सोन्याऐवजी लोखंड निवडणाऱ्या कुर्तुबाच्या शल्यचिकित्सकाचा निर्णय म्हणूनच आजच्या शस्त्रक्रियागृहातही विचारात घेण्याजोगा आहे.