एका बैलगाडीच्या आठ मोटारी

धान्याला पायली, दुधाला शेर, तसे रस्त्यावरच्या गर्दीला माप कोणते? वाहतूक अभियंत्यांचे माप म्हणजे एक साधा अपूर्णांक. तासाभरात रस्त्यावरून गेलेली वाहने अंशस्थानी. त्या रस्त्यावरून तासाभरात जास्तीत जास्त जाऊ शकतील तेवढी वाहने छेदस्थानी. उत्तर १ च्या जवळ आले की रस्ता भरला. रुंदीकरणाचा वा उड्डाणपुलाचा प्रस्ताव मांडताना या आकड्याचा आधार घेतात. म्हणून तो कसा घडला हे पाहणे अगत्याचे आहे.

त्याची पायाभरणी अमेरिकेत झाली. ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी ओहायो राज्यातील रस्त्यांवर कॅमेरा लावून वाहनांचा वेग आणि त्यांच्यातील अंतर टिपले. १९३५ मध्ये त्यांनी मांडले की, दाटी वाढते तसा वेग घटतो. त्यामुळे ताशी जाणाऱ्या वाहनांची संख्या एका मर्यादेपर्यंत वाढते आणि नंतर उतरू लागते. म्हणजे पहाटेचा मोकळा रस्ता आणि संध्याकाळी तुंबलेला रस्ता, दोन्हींवरून तासाला तेवढीच वाहने जाऊ शकतात! नुसती गेलेली वाहने मोजणाऱ्याला कोंडी दिसतच नाही. १९५० मध्ये रस्त्यांच्या क्षमतेची अमेरिकी नियमपुस्तिका निघाली. १९६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत रस्त्यांना ‘ए’ ते ‘एफ’ अशा सहा श्रेणी मिळाल्या.

तिथली वाहतूक मुख्यतः मोटारींची आणि आखलेल्या पट्ट्यांतून चालणारी. आपल्याकडे एकाच रस्त्यावर ट्रक, रिक्षा, सायकल, हातगाडी आणि बैलगाडी. यांची बेरीज करायची कशी? त्यासाठी मोटार हेच एकक धरले गेले: ‘पॅसेंजर कार युनिट’. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० मध्ये ग्रामीण रस्त्यांसाठी दिलेल्या कोष्टकात मोटार १, सायकल अर्धी, बस किंवा ट्रक ३, हातगाडी ३ आणि बैलगाडी तब्बल ८. लहान बैलगाडी असेल तर ६.

बैलगाडी काही आठ मोटारींएवढी लांब नसते. पण ती सावकाश चालते आणि मागच्यांना अडवते. तो अडथळा या आठात धरलेला आहे. याच मार्गदर्शिकेत सपाट मुलखातील एकपदरी रस्त्यासाठी दिवसाला २००० एककांची मर्यादा सुचवली आहे. गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या अडीचशे मोठ्या बैलगाड्या आल्या, की हिशेबाने तो रस्ता भरला. जिच्या खोळंब्याचा हिशेब झाला ती मोटार. गाडीवानाच्या वाट्याला फक्त ‘अडथळा’ हे नाव आले.

शहरी रस्त्यांच्या १९९० च्याच कोष्टकात बसची किंमत वाहतुकीतील तिच्या प्रमाणानुसार २.२ ते ३.७ आहे. पन्नास माणसे नेणारी बस जास्तीत जास्त ३.७ एकके, तीच माणसे एकेकट्याने मोटारीतून निघाली तर ५० एकके. म्हणजे हे कोष्टक बसच्या विरोधात नाही, उलट बसची काटकसर त्यातच दिसते. पण बेरीज झाली की ती पुसली जाते. बसने भरलेला रस्ता ०.९ आणि एकट्या स्वारांच्या मोटारींनी भरलेला रस्ताही ०.९. पादचाऱ्याला तर या कोष्टकात आकडाच नाही.

केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये भारतीय नियमपुस्तिका आली. परदेशी आकडे उसने न घेता इथल्या रस्त्यांवर मोजमाप झाले, हे मोठेच काम. तरीही गणतीचे एकक मोटारच राहिले.

अपूर्णांक खोटा नाही. तो विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. रुंदीकरणासाठी झाडे आणि पदपथ जाण्याआधी त्याच्या शेजारी आणखी एक आकडा लिहिला गेला पाहिजे: त्या तासात या रस्त्यावरून माणसे किती गेली? चालत गेलेली धरून.