गुवाहाटीचा हिशेब, अचलपूरच्या कागदांवर

२३ एप्रिल २०२४. अमरावतीचं सायन्सकोर मैदान. अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू परवानगीचा कागद हातात धरून बंदोबस्तावरच्या पोलिसांशी हुज्जत घालत आहेत. त्यांच्या प्रहार पक्षाने मैदान २३ आणि २४ तारखेसाठी रीतसर घेतलेलं होतं. पण २४ ला अमित शहांची सभा तिथेच ठरली आणि पोलिसांनी प्रहारवाल्यांना आत सोडलं नाही. कडू त्या दिवशी विरोधी बाकावर असते तर यात नवल नव्हतं. पण त्यांचा प्रहार जनशक्ती पक्ष तेव्हा महायुतीतच होता आणि 'दिव्यांग कल्याण विभाग दिव्यांगांच्या दारी' अभियानाचे अध्यक्ष म्हणून त्यांना मंत्रिपदाचा दर्जा होता. सरकारच्या माणसाला सरकारचंच परवानगीपत्र सरकारच्याच पोलिसांना वाचून दाखवावं लागत होतं.

लहान भागीदाराबद्दल लोकांना काय वाटतं, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही पानठेल्यावर दोन मिनिटांत कळतं, आणि तिथेच चूक होते. नोव्हेंबर २०२४ ला कडू अचलपुरात विधानसभेला हरले, त्यानंतर ठेल्यावरचा निकाल एकच होता: भाऊ शिंदेंच्या बंडात गुवाहाटीला गेले, म्हणून पडले. वाक्य सुटसुटीत आहे. कागदांना मात्र ते तितकंसं मान्य नाही.

कागद आधी २०१९ चे घेऊ. अचलपुरात कडूंना ८१,२५२ मतं आणि काँग्रेसचे अनिरुद्ध उर्फ बबलू देशमुख यांना ७२,८५६. फरक ८,३९६. मेळघाटातून प्रहारचेच राजकुमार पटेल निवडून आले. दोन आमदारांचा पक्ष. कडूंनी पाठिंबा शिवसेनेला दिला, ३० डिसेंबर २०१९ ला महाविकास आघाडी सरकारात राज्यमंत्रिपदाची शपथ घेतली, आणि जानेवारीत पालकमंत्र्यांची यादी निघाली तेव्हा त्यांच्या नावासमोर अकोला होतं. स्वतःचा अमरावती जिल्हा यशोमती ठाकूर यांच्याकडे गेला.

अकोल्यात प्रहारचा एकही आमदार नव्हता. पाचपैकी चार जागा भाजपच्या, बाळापूर तेवढं शिवसेनेचं. म्हणजे जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या जिल्ह्यात मतांचा आधार जवळजवळ शून्य. जून २०२१ मध्ये हा पालकमंत्री वेश पालटून, युसूफखाँ पठाण असं नाव घेऊन अकोल्यात आणि पातुरात सरकारी कचेऱ्या, रेशनचं दुकान बघत फिरला. बातमी राज्यभर गाजली. मला त्यात कौतुकापेक्षा अडचण जास्त दिसते: मंत्र्याला आपल्याच यंत्रणेकडून खरं कळत नाही, याची ती जाहीर कबुली होती. पण लोकांना ते आवडलं नसेल असंही म्हणता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात जिल्हा परिषदेची पोटनिवडणूक झाली. त्यात अकोट तालुक्यातल्या कुटासा गटात प्रहार जिंकला. कुटासा हे राष्ट्रवादीचे आमदार अमोल मिटकरी यांचं गाव. राज्यात एकाच सरकारात असलेल्या मित्राला प्रहारने त्याच्या दारात हरवलं होतं.

एका गटाच्या निकालावर जिल्ह्याचं मत तोलू नये, हे खरंच. पण त्यातून एवढं दिसतं की प्रहारला मत देणारा माणूस ते आघाडीला देत नव्हता. सरकारात असूनही हा पक्ष त्याला सरकारचा वाटत नव्हता.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले, तेव्हा कडू आणि पटेल दोघेही त्यांच्याबरोबर होते. बाळापूरचे नितीन देशमुख बंडातून परत आले. पुढे ९ ऑगस्टला मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, अठरा जणांनी शपथ घेतली, त्यांत कडू नव्हते. मंत्रिपद सोडून गेलेल्याला मंत्रिपद मिळालं नाही. ३ डिसेंबर २०२२ ला राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. कडूंनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी होती ती, आणि त्यांच्या पदरात पडलेली सगळ्यात ठोस वस्तूही तीच.

त्याआधी ऑक्टोबरात बडनेऱ्याचे आमदार रवी राणा यांनी कडूंनी गुवाहाटीसाठी पैसे घेतल्याचा जाहीर आरोप केला. दोघेही एकाच सरकारचे पाठीराखे. कडूंनी अमरावतीच्या राजापेठ पोलीस ठाण्यात तक्रार दिली, १ नोव्हेंबरपर्यंत पुरावा द्या म्हणाले. मुंबईत शिंदे-फडणवीसांनी दोघांना बसवलं, राणांनी शब्द मागे घेतले, कडूंनी अमरावतीत मेळावा घेऊन विषय मिटवला. तो तिथे मिटला नव्हता हे दीड वर्षाने लोकसभेला कळलं. भाजपने रवी राणांच्या पत्नी नवनीत राणांना उमेदवारी दिली आणि कडूंनी महायुतीत राहूनच दिनेश बूब यांना उभं केलं. काँग्रेसचे बळवंत वानखडे १९,७३१ मतांनी जिंकले. बूब यांना ८५ हजारांवर मतं पडली. ही सगळी मतं राणांची कापली गेली, असं भाजपवाले सांगतात. हा हिशेब सोपा आहे, पण बूब मूळचे ठाकरेंच्या शिवसेनेतले. त्यांच्या मतांत वानखड्यांना जाऊ शकणारी किती होती, हे कोणत्याच तक्त्यावरून निघत नाही.

आता नोव्हेंबर २०२४. तोवर कडू महायुतीबाहेर पडून राजू शेट्टी, संभाजीराजे यांच्याबरोबर परिवर्तन महाशक्तीत गेले होते. अचलपूर: भाजपचे प्रवीण तायडे ७८,२०१, कडू ६६,०७०, बबलू देशमुख ६२ हजारांच्या वर. सलग चार वेळा आमदार झालेला माणूस १२,१३१ मतांनी पडला.

हे आकडे जुन्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत. २०१९ पेक्षा कडूंची पंधरा हजार मतं कमी झाली, ही घट मोठी आहे आणि ती झाकायचं कारण नाही. पण २०१४ ला ते जिंकले होते ५९ हजारांच्या आसपास मतांवर. म्हणजे हरताना त्यांना जिंकतानापेक्षा जास्त मतं होती! मग मधे झालं काय? २०१४ ला भाजपचा उमेदवार स्वतंत्र लढून ४९ हजारांवर गेला होता. २०१९ ला युतीत ही जागा शिवसेनेकडे गेली, यंत्रावर कमळच नव्हतं. कमळाच्या मतदारांपैकी बरेच त्या वेळी काँग्रेसला अडवायला कडूंकडे वळले असावेत, असा माझा कयास आहे. २०२४ ला कमळ परत आलं आणि ती मतं आपल्या घरी गेली. लाडकी बहीण, ध्रुवीकरण, सोयाबीनचा भाव, सगळं त्यात असेलच. पण ८१ हजारांतली सगळी मतं बच्चूभाऊंची स्वतःची होती, हे गृहीतच मुळात कच्चं होतं.

गुवाहाटीचा राग म्हणावा तर शेजारचे निकालही बघावे लागतात. बंडातून परतलेले नितीन देशमुख बाळापुरात पुन्हा निवडून आले. गुवाहाटीला गेलेले संजय रायमूलकर मेहकरात पडले, पण तसेच गेलेले संजय गायकवाड बुलढाण्यात ८४१ मतांनी का होईना वाचले. मेळघाट भाजपच्या केवलराम काळे यांनी लाखाच्या वर मताधिक्याने घेतलं. राजकुमार पटेल ऐन निवडणुकीच्या तोंडावर शिंदे गटाकडे जाऊन पुन्हा प्रहारकडे आले होते. तिथला कौल गुवाहाटीपेक्षा या येण्याजाण्यावर जास्त असावा.

जून २०२५ मध्ये कडू गुरुकुंज मोझरीला कर्जमाफीसाठी उपोषणाला बसले, ऑक्टोबरात कास्तकारांना घेऊन नागपूरचा महामार्ग अडवला, आणि ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं मुख्यमंत्र्यांकडून वदवून घेतलं. तेव्हा त्यांच्याकडे ना आमदारकी होती ना कुठल्या सरकारचा दर्जा. त्या रस्त्यावर बसलेल्यांत अचलपूरचे किती, त्यांतल्या किती जणांनी वर्षापूर्वी कमळाचं बटण दाबलं होतं, हे मोजणारा तक्ता निवडणूक आयोग काढत नाही.