तत्काळचे दहा आणि ब्राउझरचे ठसे

नाशिकरोडहून ऐनवेळी दिल्ली गाठायची असलेल्या कुणालाही विचारा, सकाळचे दहा म्हणजे काय ते! एसी तत्काळ उघडतं आणि आपण पासवर्ड टाकेपर्यंत वेटिंग लागलेलं असतं. आपल्या आधी पोचलं तरी कोण? बऱ्याचदा माणूस नव्हेच. रेल्वेनेच जून २०२५ मध्ये सांगितलं, की पहिल्या पाच मिनिटांतले निम्म्यापर्यंत लॉगिन बॉटचे असतात. नवी यंत्रणा बसवून अडीच कोटी संशयास्पद युजर आयडी बंद केले गेले.

पूर्वी भिस्त कॅप्चावर होती. एजंटांच्या सॉफ्टवेअरने तीही गुंडाळली. डिसेंबर २०१७ मध्ये असं सॉफ्टवेअर बनवल्याच्या आरोपावरून सीबीआयने एका प्रोग्रॅमरला अटक केली. गंमत म्हणजे तो सीबीआयचाच कर्मचारी, आणि त्याआधी आयआरसीटीसीत होता!

मग ठसे आले. २०१० साली ईएफएफच्या पीटर एकर्स्लीने सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले. फॉन्ट, प्लगिन, स्क्रीन, टाइमझोन असल्या किरकोळ गोष्टी एकत्र केल्या, तर ८३.६ टक्के ब्राउझर एकमेव निघाले. २०१२ मध्ये कॅनव्हासची युक्ती आली: ब्राउझरला लपून एक चित्र काढायला लावायचं, मशीननुसार ते बऱ्याचदा किंचित वेगळं निघतं.

पण बॉट पकडताना वेगळेपणापेक्षा विसंगती जास्त कामाला येते. ब्राउझर म्हणतो "मी अँड्रॉइड फोन", पण टचस्क्रीन नाही आणि ग्राफिक्स सर्व्हरछाप. किंवा नाव क्रोमचं, पण एन्क्रिप्टेड जोडणीची पहिली ओळख पायथन स्क्रिप्टची. २०१७ च्या जेए३ पद्धतीत हीच ओळख तपासतात. किंवा एकाच ठशामागे दोनशे आयडी.

आता गोची इथेच आहे. स्मार्टफोन नसलेल्या वीस जणांची तिकिटं एकाच कॉम्प्युटरवरून काढणारा सायबर कॅफेवालाही मशीनला तसाच दिसू शकतो. शिवाय कुकी पुसता येते, ठसा पुसता येत नाही. त्यामुळे जाहिरातवाले त्याच ठशावरून तुमच्याआमच्या मागे फिरू शकतात.

१ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार लागतं. म्हणजे "माणूस की मशीन?" या प्रश्नाचं उत्तर ठशांनी पुरेसं मिळालं नाही, म्हणून आता प्रश्नच बदललाय: "माणूस, पण नेमका कोण?" तिकीट मिळेल हो कदाचित. पण आधार न देता ऑनलाइन तत्काळ काढायची सोय मात्र गेली, त्याचं काय?